पाली गाव येईपर्यंत

महानंदा,

तुला बसलेलीच नेलं. तुमच्या लिंगायतांत तशीच पद्धत असते हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं निराळं आणि समोर बघणं निराळं. अंगणात सजवलेल्या खुर्चीत तू बसलेली, कपाळभर विभूती, गळ्यात हार, मान जराशी डावीकडे कललेली. सकाळच्या बीड-केज गाडीत खिडकीशी डोळे मिटून बसायचीस ना, स्टँडवरून गाडी हलेपर्यंत, अगदी तशी. फरजाना माझा दंड धरून उभी होती. मी तिच्या कानात म्हणाले, "आता गाडी हलली की डोळे उघडंल बघ." ती म्हणाली, "चूप बस, सिस्टर." आणि मग आम्ही दोघी जे रडायला लागलो ते तुझ्या जावेनं पाण्याचा तांब्या आणून हातात दिला तेव्हा थांबलो.

आज अकरा दिवस झाले. शाळेत शोकसभा झाली. तुमच्या मुख्याध्यापकांनी भाषण केलं. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय असं सगळं म्हणून झालं. त्यात खोटं काही नाही, पण त्यातली बाई मला ओळखू येईना. मनमिळाऊ कसली? पहिल्याच दिवशी भांडली होतीस माझ्याशी.

चौदा वर्षं झाली त्याला. माझी नेकनूरच्या पुढच्या गावात उपकेंद्रावर नवीन बदली झालेली, नर्स म्हणून. तू त्याच गावच्या वस्तीशाळेवर आधीपासून. गाडी फलाटाला लागते न लागते तोच तुझी हिरवी कापडी पिशवी खिडकीतून आत पडायची आणि ती जागा तुझी व्हायची. मला नवखीला काय माहीत? मी पिशवी उचलून वर फळीवर ठेवली आणि बसले. तू आलीस, कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस.

"ओ मॅडम, जागा धरलेली हाय."

"पिशवीचं तिकीट काढलंय का?" मी म्हणाले.

"पिशवीत डबा हाय, डब्यात भाकर हाय, आन् भाकर खाणारी मी हाय. उठा."

मी उठले नाही. मीही गेवराईची आहे. तू माझ्या शेजारी अर्ध्या सीटवर टेकलीस आणि नेकनूरपर्यंत मला कोपर मारत आलीस. दुसऱ्या दिवशी बघते तर पिशवी दोन जागांवर आडवी पसरलेली. दुसरी जागा कुणाची म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "तुझी. सकाळी सकाळी भांडायला माणूस लागतंय की."

नियम झाला तो त्यानंतर दोनेक महिन्यांनी. वस्तीवरची एक पोरगी बाळंतपणाला उशिरा आली. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली होती, पण ती यायच्या आत पोरगी मोकळी झाली आणि बाळ रडलं नाही. मला जे जे येत होतं ते सगळं मी केलं. बाळ रडलं नाही. घरी मी कुणाला बोलले नाही. नवरा म्हणाला असता, सोड नोकरी. सासूबाई म्हणाल्या असत्या, असलं घरात सांगू नये. चार दिवस घास गिळवत नव्हता. पाचव्या सकाळी तू एवढंच विचारलंस, "कावून गं, आज भांडण न्हाई व्हय?" आणि भर गाडीत माझा बांध फुटला.

तू मला जवळ घेतलं नाहीस. होतं असं, देवाची मर्जी, असलंही काही बोलली नाहीस. पदर ओढून माझ्या बाजूनं आडोसा केलास आणि म्हणालीस, "रड. पाली गाव येईपर्यंत रड. पाली आली की तोंड धुवायचं. पुढं गाव हाय, तितं पेशंट बसलेत. तुझं असलं तोंड बघून त्यांनी काय करायचं?" पालीजवळ बिंदुसरेच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं तशी तू बाटली पुढं केलीस. मी खिडकीतून हात बाहेर काढून तोंड धुतलं. मागच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर शिंतोडे उडाले. तो ओरडायला लागला, तर तू त्यालाच झापलंस की बाबा, खिडकीत बसायचं तर भिजायची तयारी पाहिजे. घाट चढेस्तोवर मी हसत होते. मांजरसुंब्याला तुझ्या डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली, चार दिवसांतली पहिली.

तेव्हापासून बीड ते पाली हे आपलं रडायचं अंतर ठरलं. पोस्टातली फरजाना आली, मग दोन वर्षांपूर्वी तलाठी होऊन आलेली प्रियंका आली, आपली चौघींची फळी झाली. गाडी स्टँडच्या बाहेर पडली की तू विचारायचीस, "हां, आज कुणाचा नंबर?" आणि जिचा नंबर तिनं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. गाडीतलं गाडीत ठेवायचं. आणि पाली आली की वाक्य अर्धं असलं तरी तोडायचं. तू टाळी वाजवायचीस, "पाली आली, बास!" एकदा फरजाना जावेविषयी बोलत होती, रंगात आली होती, तिला तू असं मध्येच तोडलंस तर ती आठवडाभर म्हणत होती की अगं मेन गोष्ट तर राहूनच गेली.

येताना तक्रार बंद. येताना नुसत्या शेंगा, आणि सीताफळाच्या दिवसांत घाटातल्या बायांकडून घेतलेली सीताफळं. बिया ठेवायला तू जुन्या प्रश्नपत्रिका आणायचीस. "घरी जायचंय, रडकी तोंडं घिऊन कुठं जाता?" असं तुझं म्हणणं. जाताना गावासाठी तोंड धुवायचं आणि येताना घरासाठी हसायचं. मधली ती वीस-पंचवीस मिनिटं तेवढी आपली.

तुला वाटेल, सिस्टर आता मेल्यावर कौतुक करते. करते. फरजानाचा नवरा अंथरुणावर होता त्या साली ती माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला आली होती. मी म्हणाले, आधी आठ दिवस रोज तुझाच नंबर लाव, मग बघू. तिनं परत गोळ्या मागितल्या नाहीत. प्रियंका तर परगावची पोर, बीडात खोली करून एकटी राहणारी. ऑफिसात वरच्यांची बोलणी, गावात बांधावरची भांडणं, आणि घरून फोनवर लग्नाचा तगादा. पहिल्या महिन्यात राजीनामा लिहून पर्समध्ये घेऊन फिरायची. तिनं तो आपल्याला वाचून दाखवला आणि तू त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्यास. लाल पेननं. पोरगी आजही नोकरीत आहे. मी वीस वर्षं लोकांचं बीपी बघते आहे, महानंदा. माणसाला नुसतं कुणी ऐकलं तरी काय होतं, ते मी त्या गाडीत पाहिलं.

आणि तुझा नंबर? तुझा नंबर कधी आलाच नाही. विचारलं की तू म्हणायचीस, "माझं काय? दुकान नवरा बघतो, सासू देवाला बघती, मी शाळा बघते. समदं बघितलेलं हाय." मांजरसुंब्याला कपिलधारच्या देवस्थानाच्या फाट्यावर हात जोडायचीस, तेवढंच काय ते तुझं गाऱ्हाणं असेल ते असेल. पण तुलाही होतंच की. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांमागं ऊसतोडीला निघून जायचा, तू घरोघर हात जोडत फिरायचीस, एवढं एक पोर तरी ठेवा म्हणून. ट्रॅक्टर निघाला की दोन दिवस तुझा आवाज बसलेला असायचा. आम्ही विचारलं तर खोकला म्हणायचीस.

यावरून आपलं खरं भांडण झालं ते नारायणगडावर. यात्रेची गर्दी ओसरल्यावरच्या एका रविवारी आपण चौघी गेलो होतो. तू म्हणालीस, देव तुमचा हाय, पण चढ समद्यांना सारकाच. दर्शन करून पायरीवर बसलो तेव्हा मी विचारलं, "देवाला तरी सांगतीस का गं काही?" तू म्हणालीस, "न्हाई. त्येला काय कमी लोकं सांगतेत?" मला राग आला. मी म्हणाले, तू आमच्या पोटातलं सगळं काढून घेतेस आणि स्वतःचं कुलूपबंद ठेवतेस, हा माज आहे. खरंच, माज हाच शब्द वापरला मी. तू उठलीस, साडी झटकलीस, "आसंल," म्हणालीस आणि खाली उतरायला लागलीस. दोन दिवस गाडीत पिशवी एकाच जागेवर होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन जागांवर पसरलेली दिसली. आपण त्यावर परत बोललोच नाही. तो वाद तसाच राहिला.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. थंडी होती, काचा बंद होत्या. गाडी सुटली आणि तू म्हणालीस, "आज माझा नंबर." फरजानानं तर कपाळाला हात लावला, म्हणाली, आज पेढे वाटा. आम्ही तिघी तुझ्याकडे तोंड करून बसलो. आणि तू सुरू केलंस ते ऑनलाइन माहिती भरण्यापासून. मग शाळेचा गळका पत्रा, मग सासूबाईंचा उपवास, मग दुकानात आलेलं नवीन वजनाचं मशीन. मी मध्येच म्हणालेसुद्धा, "बाई, मुद्द्यावर या, परीक्षा आहे का आमची?" तू हसलीस. नखानं खिडकीच्या काचेवरची वाफ खरडत होतीस. मग आवाज खाली आणून म्हणालीस, "ऐका ना. खरं सांगायचं म्हंजे मला दोन महिने झाले, जिना चढताना..."

आणि मला धरणाचं पाणी दिसलं. मी टाळी वाजवली. "पाली आली! बास!"

चौदा वर्षं आम्हाला तोडत आलेल्या बाईला तोडायची संधी मिळाली होती. किती मजा वाटली मला. तिघी खदाखदा हसलो. तू सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलीस, तोंडावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "नियम म्हंजे नियम." पिशवीतनं शेंगा काढून दिल्यास. मी त्या खाल्ल्या.

जिना चढताना काय, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी येताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी नर्स आहे, महानंदा. बाई पन्नाशीची, जिना चढताना म्हणते, पुढचं काय असतं ते मला झोपेतही सांगता येईल. गावच्या प्रत्येक म्हातारीला दंडाला पट्टा बांधून विचारते मी, धाप लागते का, छातीत भरून येतं का. तू माझ्या शेजारी बसत होतीस. रोज. माझं कोपर तुझ्या कोपराला लागत होतं.

तीन आठवड्यांनी तू गेलीस. सकाळी लिंगपूजा करून उठलीस आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलीस ती बसलीसच. त्या दिवशी पिशवी आली नाही म्हणून मी तुझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. गाडी सुटायच्या वेळी फरजानाला फोन आला.

परवा तुझ्या घरी गेले होते. तुझ्या लेकीनं, ऋतुजानं चहा केला. अगदी तुझ्यासारखा, साखर जास्त. मग आतून हिरवी पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "मावशी, हे तुमालाच द्यावं वाटलं." आत डबा, लाल पेन, चष्म्याचं घर, आणि घडी घातलेला एक कागद. डॉक्टरांचा. हृदयाची तपासणी लवकर करून घ्यावी, असं लिहिलेलं. तू एकटीच जाऊन आली होतीस. नवऱ्याला माहीत नाही, लेकीला माहीत नाही. ऋतुजानं विचारलं, "तुमाला तरी सांगितलं व्हतं का हो तिनं?" मी नाही म्हणून मान हलवली.

मग पोरगी म्हणाली, "एके दिवशी आई घरी आली ते हसतच. म्हणली, आज सिस्टरनं वाचवलं बाई मला, न्हाईतर सांगून बसले असते. मी इचारलं काय, तर म्हणली, काही न्हाई, शाळंचं."

वाचवलं म्हणालीस तू. मी तुला वाचवलं नाही गं.

त्या रात्रीपासून मी तुझ्याशी भांडते आहे आणि भांडण एकतर्फी चाललंय, म्हणून जास्त चिडते. टाळी मी वाजवली, कबूल. तो गुन्हा माझा, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पालीच्या पुढं रस्ता संपत होता का? घाट होता, मांजरसुंबा होतं, नेकनूर होतं. फोन होता. तीन आठवडे होते. तू कागद पिशवीत घालून, तीच पिशवी माझ्यासाठी दोन जागांवर पसरत होतीस! नियम आमच्यासाठी केलास, की त्याच्याआड तुला लपता यावं म्हणून केलास? कुणाला तरास नको, कुणाला तरास नको, एवढंच तुझं आयुष्यभर. आता बघ ये. नवरा दुकानाचं शटर अर्धं उघडून आत नुसता बसून असतो. सासूबाई तुझ्या नावानं अजून दोनदा चहा ठेवतात. झाला ना सगळ्यांना तरास?

रागावू नकोस. नाही, रागाव. निदान कोपर तरी मार.

काल मी पहिल्यांदा कामावर गेले. तुझी पिशवी खिडकीतून आत टाकली. नेम चुकला, एका माणसाच्या डोक्यात बसली. तुझा कधी चुकला नाही. आम्ही तिघी बसलो, तुझी खिडकीची जागा रिकामी ठेवली, मध्ये उभ्या असलेल्या बायांनीही ती मागितली नाही. बार्शी नाका गेला तरी कुणी विचारेना की आज कुणाचा नंबर. मग मीच म्हणाले, माझा. आणि सांगितलं. कागदाचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, त्या टाळीचं सांगितलं. तुझी गोष्ट बाहेर बोलले, पण गाडीत बोलले, तेवढं माफ कर. मी तिला गप्प केलं, मी तिला मारलं, असं काहीतरी मी बोलत होते, आणि धरणाचं पाणी दिसायला लागलं. सवयीनं माझं तोंड मिटलं. हात बाटलीकडे गेला.

फरजानानं बाटली माझ्या हातातनं काढून घेतली. म्हणाली, "बोल, सिस्टर. आन् एक ऐक. टाळी तू वाजवली आसंल, पर हसलो तर आपुन समद्याच व्हतो." प्रियंका पलीकडून म्हणाली, "मी सगळ्यात जास्त हसले होते, ताई." मग तीही रडायला लागली. पाली मागं पडली. घाट मागं पडला. कपिलधारच्या फाट्याला तिघींनी हात जोडले, आणि आम्ही बोलतच होतो. नेकनूरला फरजाना-प्रियंका उतरल्या. माझ्या गावच्या फाट्यावर कंडक्टर ओरडला, "ओ सिस्टर, उतरायचं का न्हाई?" तेव्हा मी न धुतलेल्या तोंडानं खाली उतरले.

उपकेंद्राच्या ओट्यावर सोजराबाई बसली होती, बीपी दाखवायला. माझं तोंड तिनं बघितलं. तू म्हणायचीस ना, त्यांनी बघून काय करायचं. तिनं काय केलं सांगते. तिनं विचारलं, "काय झालं गं माय?" मी सांगितलं, माझी मैत्रीण गेली. ती सरकली, ओट्यावर मला जागा करून दिली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. पाच-सहा बाया आल्या, त्याही बसल्या. कुणी घाई केली नाही, कुणी गोळी मागितली नाही. बराच वेळ सोजराबाईच्या दंडाला पट्टा बांधायचा राहून गेला. तिनं माझा हात सोडलाच नव्हता.

मी पालीच्या पुढं रडले, महानंदा. काही बिघडलं नाही. तू एकदा तरी रडून बघायचं होतंस गं.